तुमचा संघ कोणता?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आमच्या उरण-द्रोणागिरीच्या पट्ट्यात पाऊस सरला, थंडी पडू लागली, की टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांना ऊत येतो. सिडकोने भराव टाकून ठेवलेल्या मोकळ्या भूखंडांवर खेळपट्टी तयार होते, मंडप पडतो, लाउडस्पीकरवर आगरी बोलीत समालोचन सुरू होते. अशा स्पर्धांच्या पत्रकावर बक्षिसाच्या रकमेखाली बहुधा एक ओळ असते : एक गाव, एक संघ. म्हणजे ज्या गावाच्या नावाने उतरायचे त्याच गावचा खेळाडू हवा. ओळ साधी दिसते. पण अर्धी भांडणे त्याच ओळीवरून होतात. लेकीचा मुलगा आजोळी वाढला, तो कोणत्या गावचा? घरजावई चालेल का? एखाद्याचे घर गावात, पण नोकरीमुळे बिऱ्हाड पनवेलला, त्याचे काय? न्हावा-शेवा बंदरासाठी ज्यांचे गावच उठले आणि दुसरीकडे वसले, त्यांनी जुन्या गावाचे नाव सांगायचे की नव्या जागेचे? मग आधारकार्ड मागितले जाते, कुणी मतदारयादी काढतो, आणि शेवटी एखादे वडीलधारे माणूस म्हणते, "अरे, खेळू द्या त्याला, आपलाच हाय तो."

"आपलाच हाय तो." सगळा प्रश्न या तीन शब्दांत आहे. आपला कोण, हे कशावरून ठरते? जन्मावरून, राहण्यावरून, रक्तावरून, कागदावरून, की त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून?

गावच्या मैदानावर सुटत नाही तो प्रश्न जागतिक मैदानावरही सुटलेला नाही. तिथे नियमांची पुस्तके जाड आहेत, एवढाच फरक. ऑलिंपिकचा नियम असा की खेळाडू ज्या देशाकडून उतरतो त्या देशाचा तो नागरिक हवा. आधी एका देशाकडून खेळून नंतर देश बदलला, तर साधारण तीन वर्षे थांबावे लागते. संबंधितांनी संमती दिली तर ही मुदत कमी होऊ शकते. फुटबॉलमध्ये वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धेचा सामना खेळलात की सहसा त्या देशाशी बांधले जाता. २०२० मध्ये या नियमात थोडी ढिलाई आली. क्रिकेटचे दार त्या मानाने रुंद. तुमचा जन्म त्या देशात झालेला असावा, किंवा तुम्ही नागरिक असावे, किंवा ठरावीक वर्षे, आजच्या नियमाने तीन वर्षे, तुमचे कायमचे बिऱ्हाड तिथे असावे. तिन्हींपैकी एक पुरते. म्हणजे खिशात पासपोर्ट एका देशाचा आणि अंगावर जर्सी दुसऱ्या देशाची, असे क्रिकेटमध्ये घडू शकते आणि घडतेही. आखाती देशांचे संघ पाहा. २०१५ च्या विश्वचषकात संयुक्त अरब अमिरातीचा यष्टिरक्षक होता स्वप्नील पाटील. आडनाव ऐकूनच तुम्हाला कळले असेल की हा कुठला.

आता आपल्या मुंबईचीच दोन नावे घेऊ. या दोघांनी मराठी वाचकाला गेल्या काही वर्षांत चांगलेच पेचात टाकले.

पहिला एजाज पटेल. जन्म मुंबईतला, १९८८ चा. आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. आठ वर्षांच्या मुलाला कुणी विचारत नाही की बाबा, तुला कोणता देश हवा. आईचे बोट धरले, विमानात बसला, संपले. तिकडे तो आधी वेगवान गोलंदाजी करायचा. उंची बेताची, म्हणून फिरकीकडे वळला, आणि त्याला घडवणाऱ्यांत होते दीपक पटेल. हे दीपक पटेल जन्मले नैरोबीत, कौंटी क्रिकेट खेळले इंग्लंडमध्ये, आणि कसोटी खेळले न्यूझीलंडकडून. गुरू-शिष्याची ही जोडीच पाहा.

हा एजाज २०२१ च्या डिसेंबरमध्ये वानखेडेवर उतरला. समोर भारताचा संघ. पहिल्या डावात भारताच्या दहाच्या दहा विकेट त्याने एकट्याने घेतल्या, ११९ धावांत. कसोटीच्या इतिहासात ही गोष्ट त्याआधी फक्त दोनदा घडली होती : १९५६ मध्ये जिम लेकर आणि १९९९ मध्ये दिल्लीत आपला अनिल कुंबळे. दहाव्या विकेटचा झेल घेतला रचिन रवींद्रने. त्याचे आईवडील बंगळुरूचे. म्हणजे मुंबईत जन्मलेल्या गोलंदाजाच्या चेंडूवर बंगळुरूकरांच्या मुलाने झेल घेतला, आणि नोंद झाली न्यूझीलंडच्या खात्यावर.

त्या दिवशी वानखेडेवर काय झाले? लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर. अश्विनने भारतीय खेळाडूंच्या सह्या असलेली जर्सी त्याला भेट दिली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याचा सन्मान केला, आणि त्याने तो चेंडू असोसिएशनच्या संग्रहालयासाठी दिला. सामना भारताने ३७२ धावांनी जिंकला होता, त्यामुळे कौतुक करायला मन मोकळे होते, असे कुणी म्हणेल. पण २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तोच एजाज त्याच मैदानावर पुन्हा आला आणि दोन्ही डावांत मिळून अकरा विकेट घेऊन गेला. भारताला जिंकायला १४७ धावा हव्या होत्या. १२१ वर डाव आटोपला. मायदेशात भारत तीन कसोटींची मालिका ३-० अशी पहिल्यांदाच हरला. शेवटच्या डावातल्या सहा विकेट एजाजच्या. जन्मगावाची ओढ म्हणून त्याने एखादा चेंडू सैल सोडला नाही, आणि सोडला असता तर आपल्यालाच त्याच्याविषयी आदर वाटला नसता.

आणखी एक गोष्ट सांगतो. दहा विकेटच्या त्या विक्रमानंतर न्यूझीलंडची पुढची कसोटी मालिका घरच्या मैदानावर होती, बांगलादेशाशी. संघ जाहीर झाला, आणि एजाजचे नाव नव्हते. तिकडच्या खेळपट्ट्या वेगवान गोलंदाजांच्या, फिरकीला जागा नाही, असे कारण होते. कारण पटण्यासारखेही होते. पण खेळाडू देश निवडतो असे आपण म्हणतो, तेव्हा एवढे लक्षात ठेवले पाहिजे की दर मालिकेला देशही त्याला निवडत असतो, किंवा निवडत नसतो.

दुसरा सौरभ नेत्रावळकर. हा आपल्याकडे अठरा-एकोणीस वर्षांपर्यंत पुरता भारताचा खेळाडू होता. २०१० च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, संघात के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट होते. पुढे मुंबईकडून रणजीपर्यंत पोचला. एकीकडे संगणक अभियांत्रिकीची पदवी. मुंबईत क्रिकेटची रांग किती लांब असते ते मी सांगायला नको. आझाद मैदानावर, शिवाजी पार्कवर रोज सकाळी किट बॅग खांद्यावर घेऊन उतरणारी मुले पाहा. त्यातली अकराच मुंबईकडून खेळणार, आणि त्यातला एखाद-दुसरा भारताकडून. सौरभने हिशेब केला. २०१५ मध्ये तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पुढच्या शिक्षणाला गेला. क्रिकेट सुटले असे धरूनच. मग नोकरी लागली, सुटीच्या दिवशी थोडे खेळणे सुरू झाले, आणि होता होता तो अमेरिकेच्या संघात आला. कप्तानही झाला.

पुढचे तुम्हाला आठवत असेल. २०२४ च्या ६ जूनला डॅलसमध्ये अमेरिका आणि पाकिस्तान यांचा सामना बरोबरीत सुटला. सुपर ओव्हर झाली. अमेरिकेच्या १८ धावा. चेंडू सौरभच्या हातात. पाकिस्तानला १३ च करता आल्या. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे असा आनंद झाला की जणू शिवाजी पार्कवरच सामना जिंकला. मराठी मुलाने पाकिस्तानला हरवले! मग सहा दिवसांनी, १२ जूनला, न्यूयॉर्कमध्ये समोर भारत. सौरभने पहिल्याच चेंडूवर विराट कोहलीला शून्यावर बाद केले, आणि त्यानंतर रोहित शर्माला. रोहितचा झेल घेतला हरमीत सिंगने. हरमीतही मुंबईचाच, २०१२ चा एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघात तो होता. पुढे त्याच सामन्यात सूर्यकुमार यादवचा एक झेल सौरभच्या हातून सुटला, आणि सूर्यकुमारने नाबाद अर्धशतक करून भारताला जिंकून दिले. मुंबईच्या मैदानांवर वाढलेली मुले न्यूयॉर्कमध्ये एकमेकांविरुद्ध खेळत होती.

त्या रात्री पुष्कळ घरांत गंमत झाली असेल. कोहली बाद झाला म्हणून हळहळायचे, की बाद करणारा आपला म्हणून खूश व्हायचे? बहुतेकांनी दोन्ही केले. आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखे वाटले नाही. सौरभला कुणी गद्दार म्हटले नाही. उलट कौतुकाच्या बातम्या आल्या : दिवसा कॉम्प्युटरवर काम, संध्याकाळी गोलंदाजी. मला हे फार चांगले वाटले. आपले मन एवढे मोठे असू शकते, याचा तो पुरावा होता.

श्रोतेहो, द्रोणागिरीच्या डोंगरावरून बंदराकडे पाहिले की रोज नवी जहाजे दिसतात. मी ज्या घरात वाढलो तिथे जहाज हा पोटापाण्याचा विषय होता. कोकणी मुसलमानांच्या कितीतरी पिढ्या दर्यावर गेल्या. अब्बाही खलाशी होते. त्यांच्याकडून लहानपणी ऐकलेली एक गोष्ट सांगतो. जहाजाच्या मागच्या टोकाला जो झेंडा असतो तो जहाजाची नोंदणी ज्या देशात झाली त्याचा. आज जगातली मोठमोठी जहाजे पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स अशा देशांत नोंदलेली असतात. मालक भलत्याच देशाचा असतो, माल तिसऱ्याचा, खलाशी चौथ्याचे. आणि जहाज दुसऱ्या देशाच्या बंदरात शिरले की पुढे डोलकाठीवर त्या यजमान देशाचाही झेंडा चढवतात. तो मानाचा झेंडा. अब्बा म्हणायचे, "पगार ग्रीक मालकाचा, झेंडा पनामाचा, आणि मनीऑर्डर उरणला." कुठल्या झेंड्याखाली काम करतो, यावरून त्यांना घराचा पत्ता कधी शोधावा लागला नाही. काम मात्र त्या जहाजाचे चोख करायचे. वादळात जहाज पनामाचे आहे की भारताचे, हे बघून कुणी दोर सैल सोडत नाही.

खेळाडूचेही मला पुष्कळसे असेच वाटते. जर्सी हा त्याच्या कामाचा झेंडा. त्याखाली त्याने जीव ओतून खेळावे. त्याच्या मनात आणखी कुठले गाव आहे, कुठल्या बोलीत त्याला स्वप्ने पडतात, हा त्याचा प्रश्न.

पण सगळ्यांच्या वाट्याला अशी सोपी निवड येत नाही. कधी कधी देशच माणसाखालून सरकतो. १९४६ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर उतरलेला भारताचा संघ आठवा. कप्तान होते थोरले पतौडी, इफ्तिखार अली खान. ते त्याआधी इंग्लंडकडून खेळले होते. १९३२ मध्ये सिडनीला पहिल्याच कसोटीत त्यांनी इंग्लंडसाठी शतक काढले होते. इंग्लंड आणि भारत अशा दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेला हा एकच माणूस. त्याच लॉर्ड्सच्या कसोटीत भारताकडून पहिल्यांदा खेळले आपले सांगलीचे विजय हजारे, मुंबईचे सदू शिंदे, आणि लाहोरचे अब्दुल हफीझ व गुल महंमद. सहा वर्षांनी, १९५२ मध्ये, हे अब्दुल हफीझ कारदार या नावाने पाकिस्तानचे पहिले कसोटी कप्तान म्हणून दिल्लीत उतरले.

गुल महंमद यांची गोष्ट त्याहून चटका लावणारी आहे. १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्याला रणजीचा अंतिम सामना झाला, बडोदा विरुद्ध होळकर. बडोद्याकडून हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही विकेटसाठी जगातली सर्वांत मोठी भागीदारी म्हणून ती २००६ पर्यंत टिकली. मार्च १९४७! बाहेर पंजाब पेटू लागला होता. आणि इथे सांगलीचा एक ख्रिश्चन मराठी माणूस आणि लाहोरचा एक मुसलमान एकमेकांच्या हाकेवर धावा पळत होते. धाव घेताना समोरच्यावर विश्वास ठेवावा लागतो. "ये" म्हटले की यायचे, "थांब" म्हटले की थांबायचे. पाच महिन्यांत देशाचे दोन तुकडे झाले.

गुल महंमद लगेच गेले नाहीत. ते भारताकडून ऑस्ट्रेलियाचा दौरा खेळले, आणि १९५२ च्या मालिकेत पाकिस्तानविरुद्ध भारताकडून खेळले. नंतर ते तिकडे गेले आणि १९५६ मध्ये कराचीत पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. अमीर इलाहींचेही तसेच. ते आधी भारताकडून आणि मग पाकिस्तानकडून खेळले. आणि सलीम दुराणी? त्यांचे वडील अब्दुल अझीझ कराचीत राहिले. तिथे त्यांनी हनीफ महंमदला क्रिकेटचे धडे दिले. सलीमभाई आईबरोबर जामनगरला राहिले आणि भारताचे लाडके खेळाडू झाले. बाप एका देशात, लेक दुसऱ्या देशात. या लोकांना आज आपण "तुम्ही कोणता देश निवडलात" असे सहज विचारतो. त्यांच्यापैकी कितीजणांना खरोखर निवडायला मिळाले होते?

आता थोडे माझे सांगतो. मी कविता मराठीत लिहितो. कार्यक्रमात ओळख करून देताना निवेदक हमखास म्हणतो, "मुसलमान असूनही मराठीत लिहितात." त्या "असूनही"चा मला राग येत नाही आता, पण गंमत वाटते. मराठी मी निवडली नाही. ती घरात होती, विहिरीवर होती, मासळीबाजारात होती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी "योगसंग्राम" लिहिला त्याला चारशे वर्षे होत आली. संयुक्त महाराष्ट्रासाठी गळा फाटेस्तोवर गाणारे शाहीर अमर शेख मूळचे मेहबूब पटेल. जे जन्मापासून अंगावर आहे त्याची पावती कुठून आणायची?

क्रिकेटच्या बाबतीत तर ही पावती वरचेवर मागितली जाते. १९८६ च्या एप्रिलमध्ये शारजाला जावेद मियांदादने शेवटच्या चेंडूवर चेतन शर्माला षटकार मारला. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. घरात त्या रात्री कुणी धड जेवले नाही. दुसऱ्या दिवशी नाक्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी हसत विचारले, "काय रे, काल मोहल्ल्यात मिठाई वाटली असेल?" माणूस वाईट नव्हता. त्याला ती थट्टा वाटली. पण मी घरी जाऊन अब्बांना विचारले, "आपण कोणाच्या बाजूचे?" अब्बा चुलीशी बसले होते. म्हणाले, "तू काल का रडलास? मग?" तेवढेच बोलले.

पुढे नोकरीत, प्रवासात, लग्नसमारंभात हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत भेटत राहिला. सामना चालू असला की मी आधी मोठ्याने भारताचा जयजयकार करावा, मग इतरांनी निश्चिंत व्हावे, असा एक अलिखित नियम. समोरच्या संघाच्या एखाद्या सुंदर चेंडूला "वाहवा" म्हणायची सोय इतरांना असते, मला नसते. माझ्या तोंडून ती निघाली की दोन माना वळतात. १९९० मध्ये इंग्लंडमधले एक राजकारणी नॉर्मन टेबिट यांनी असेच म्हटले होते, की बाहेरून आलेले लोक क्रिकेटमध्ये कोणत्या संघाला पाठिंबा देतात, त्यावरून त्यांची निष्ठा ओळखावी. तिकडचे आपले भारतीय लोक त्यावर चिडले, आणि ते बरोबरच होते. भारतातून गेलेल्या माणसाने लंडनमध्ये भारताला टाळी दिली तर त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. ते त्याचे मूळ. मग परीक्षा फक्त इथे, आणि तीही कुठेच न गेलेल्यांची का?

माझे म्हणणे एवढेच आहे. जो देश सोडून गेला, दुसऱ्याची जर्सी घालून आला आणि आपल्या कप्तानाला बाद करून गेला, त्याला आपण "आपलाच" म्हणतो. ही आपली श्रीमंती आहे. मग जो कुठेच गेला नाही, ज्याने कधी दुसरी जर्सी मागितली नाही, त्याच्याकडे पुरावा मागताना ही श्रीमंती कुठे जाते?

आता कुणी म्हणेल, "मग देश बदलण्याला काही अर्थच नाही का? जो जास्त पैसे देईल त्याची जर्सी घालावी?" हा प्रश्न रास्त आहे. २००३ मध्ये केनियाचा स्टीफन चेरोनो हा धावपटू कतारकडे गेला; नाव झाले सैफ सईद शाहीन. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे सुवर्ण कतारला मिळवून दिले. त्याच शर्यतीत त्याचा सख्खा भाऊ केनियाकडून धावत होता, आणि शर्यतीनंतर त्याने भावाचे अभिनंदन केले नाही, असे तेव्हा छापून आले. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकला केनियाने संमती दिली नाही, म्हणून त्याला उतरता आले नाही. घरात बसून त्याने पाहिले असेल, त्या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली. अशा सौद्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा २०१७ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने देशबदल काही काळ थांबवला आणि नंतर तीन वर्षे थांबण्याची अट घातली. ते योग्यच झाले. ज्या देशात तुम्ही राहत नाही, जिथल्या मैदानावर घाम गाळला नाही, तिथल्या राष्ट्रगीतासाठी केवळ करारामुळे उभे राहणे, हे कुणालाच शोभत नाही. तरीही मी त्या धावपटूला एकट्याला दोष देणार नाही. गरिबाच्या पायांचा भाव करणारे दुसरेच कुणी असते.

उलट्या दिशेनेही माणसे येतात, आणि त्यांना मोल मोजावे लागते. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशातल्या भारतीयांना जे ओसीआय कार्ड मिळते, त्यावर भारताकडून खेळता येत नाही. २००८ पासून क्रीडा मंत्रालयाचे धोरण असे की भारताची जर्सी हवी तर भारताचा पासपोर्ट हवा. म्हणून जपानमध्ये जन्मलेला, भारतीय वडिलांचा मुलगा इझुमी अराता, पुणे एफसीकडून खेळता खेळता इथला झाला, तेव्हा त्याला जपानचे नागरिकत्व सोडावे लागले. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तेच केले. त्याची आई मुंबईची, आणि आईचे वडील पन्नासच्या दशकात संतोष करंडकात मुंबईकडून फुटबॉल खेळलेले. नातवाने आजोबांच्या मातीचा पासपोर्ट घेतला. यांच्या निवडीत किंमत आहे, म्हणून तिला वजन आहे.

आणि ज्यांना निवडायला देशच उरला नाही, तेही आहेत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून निर्वासितांचा एक वेगळा संघ उतरतो. पहिल्या खेपेला त्यात दहा खेळाडू होते. २०२४ मध्ये पॅरिसला सिंडी न्गांबा या मुष्टियोद्ध्या मुलीने त्या संघाला पहिले पदक मिळवून दिले. तिच्या पाठीशी कोणत्याही देशाचा झेंडा नव्हता. तरी ती कोणासाठी लढली, हे पाहणाऱ्याला कळत होते.

तेव्हा खेळाडूने देश निवडला तर त्याला विचारावे ते एवढेच : तू तिथे राहिलास का, राबलास का, आणि मैदानात उतरल्यावर पूर्ण खेळलास का? या तिन्हींना "हो" आले तर बाकीचे त्याचे त्याच्यापाशी. आणि देशालाही एक विचारावे : तू त्याला रांगेत किती वर्षे उभे केलेस? त्याची वेळ आली तेव्हा जागा दिलीस का?

प्रेक्षकांना मात्र अशी निवड करावी लागत नाही. आपण जिथे जन्मलो, जिथली भाषा बोलतो, जिथे आपली माणसे पुरली किंवा जाळली गेली, त्या मातीचा संघ आपोआप आपला होतो. त्यासाठी घोषणा लागत नाही, आणि ती मागूही नये. पुढच्या सामन्याला तुमच्या शेजारी माझ्यासारखा कुणी बसला असेल. त्याला स्कोअर विचारा, चहा विचारा, कोण चांगले खेळतोय ते विचारा. बाजू विचारू नका. ती त्याच्या चेहऱ्यावर दिसतेच, विकेट पडली की.